लाल बोटीचा मालक

५ एप्रिल

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

फोन केला की तू खुर्चीत पेशंट आहे म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. आत्याचं समज किंवा तलावकाठच्या एका वैतागलेल्या रहिवाशाचं. दात उपटण्यातून सवड काढून तू तलाव मंडळाचा अध्यक्ष झाला आहेस, तेव्हा दोघींचंही ऐकावं लागेल.

आज रविवार. चहाचा कप ओठाला लावते न लावते तोच ती लाल बोट आली. आली म्हणजे काय, अंगावरच आली! खिडक्यांच्या काचा थरथरल्या. तिच्या लाटेने आपल्या धक्क्याची एक फळी उचकटली आणि लव्हाळ्यातलं पाणकोंबडीचं घरटं अंड्यांसकट वाहून गेलं. ती बिचारी बराच वेळ त्याच जागी गोल गोल फिरत होती. मला रडू यायला हवं होतं, पण रागाने रडायलाही जागा ठेवली नाही.

घरातून मदत शून्य. तुझे आतोबा सकाळी फिरायला जातात ते बोटीचा धिंगाणा संपल्यावरच उगवतात. सांगायला गेलं तर म्हणतात, कुठली बोट? सगळा जन्म छापखान्याच्या खडखडाटात गेलेल्या माणसाला आवाजाचं काय कौतुक! हल्ली तर माझंही ऐकत नाहीत. दोनदा हाक मारली तरी ढिम्म, आणि तिसऱ्यांदा ओरडले की म्हणतात, ओरडतेस कशाला.

वेगमर्यादा आण. माझा लोभ पूर्वीसारखा हवा असेल तर लवकर आण.

तुझी,
आत्या

१६ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. त्याच दिवशी आणखी बऱ्याच जणांची मिळाली, पण धमकी फक्त तुझ्या पत्रात होती.

काल मंडळाची बैठक झाली. बैठक कसली, कुस्ती! शांततावाल्यांना तलावावर इंजिनच नको आहे. बोटवाले म्हणतात, तलाव मजेसाठी आहे, ध्यानाला बसायला नाही. हॉटेलवाल्याला पाहुणे यायला हवेत म्हणून बोटी हव्यात आणि पाहुणे झोपायला हवेत म्हणून बोटी नकोत. एका इंजिनियरने आवाज मोजायचं यंत्र आणलं होतं. ते टेबलावर ठेवलं, तर आमच्या बैठकीचाच आवाज बोटीपेक्षा जास्त निघाला. त्यावर यंत्र खोटं की माणसं, हा वाद सुरू झाला. मी घरी येऊन दाराला कडी लावून बसलो. अध्यक्ष होण्याची दुर्बुद्धी मला कोणी दिली हे मला चांगलं आठवतं. तूच दिलीस.

लाल बोटीच्या मालकाला मी भेटलो. सज्जन गृहस्थ आहेत. नाव सांगणार नाही, तसा शब्द दिला आहे. आपल्या बोटीचा एवढा त्रास होतो याची त्यांना खरोखरच कल्पना नव्हती. घरट्याचं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. बोट लगेच बंद करतो म्हणाले नाहीत, पण विचार करतो म्हणाले.

आत्या, आतोबांवर एवढी चिडू नकोस. त्यांच्याशी बोलताना जरा समोर बसून बोलत जा, एवढंच सुचवतो.

रागावलीस तरी पत्र पाठवत राहा.

तुझा,
ढब्बू

२० एप्रिल

चि. ढब्बूस,
आशीर्वाद. या खेपेला एकच, बाकीचे राखून ठेवले आहेत.

सज्जन गृहस्थ म्हणे! मी वर्गात भूगोल शिकवायचे, तेव्हा पाठीमागे कोण काय चघळतंय ते फळ्याकडे तोंड करून सांगायचे. तू नाव लपवतोस आणि त्याच पत्रात आतोबांची बाजू घेतोस. मला कळणार नाही असं वाटलं तुला?

आज सकाळी दुर्बीण घेऊन धक्क्यावर उभी राहिले. लाल बोट वळली. सुकाणूवरच्या माणसाच्या डोक्यावर हिरवी लोकरीची टोपी. ती मी विणली आहे. मी हात हलवून ओरडले, तर त्यांना वाटलं मी शाबासकी देतेय. त्यांनीही हात हलवला आणि आणखी एक फेरी मारली!

घरी आल्यावर मी काय काय बोलले ते लिहीत नाही. बोट कधी घेतली, पलीकडच्या काठावर कोणाच्या धक्क्याला बांधली, मला का सांगितलं नाही, सगळं विचारलं. ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मग म्हणाले, जरा सावकाश बोल, ओठ नीट दिसत नाहीत.

ढब्बू, मी खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले.

गेलं वर्षभर त्यांना पाखरं ऐकू येत नाहीत. बेल ऐकू येत नाही. मी दुसऱ्या खोलीतून बोलले तर कोणीतरी बोलतंय एवढंच कळतं. चारचौघांत सगळे हसले की हेही हसतात. मला सांगितलं नाही, कारण मी लगेच डॉक्टर, यंत्र, पथ्य असा कारखाना काढला असता. तो मी काढणारच आहे, पण ते वेगळं. बोट का, तर म्हणाले, बोटीत इंजिन चालू असलं की कोणालाच काही ऐकू येत नाही, तिथे मी सगळ्यांसारखा असतो. आणि इंजिनची घरघर तळव्यांना कळते, छापखान्यात कळायची तशी.

आता मी यांच्यावर रागावायचं कसं? आणि न रागावता राहायचं कसं? तुला तर हे ठाऊक होतं. तुझं काय करायचं ते मी ठरवते आहे.

पुढच्या बैठकीला मी येणार नाही. वेगमर्यादेच्या बाजूने बोलले तर नवऱ्याविरुद्ध, विरुद्ध बोलले तर त्या पाणकोंबडीशी बेइमानी. तुमचं तुम्ही निस्तरा.

तुझी (अजून तरी),
आत्या

३ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पहिल्यांदा गुन्हा कबूल. आतोबा दाढ दाखवायला आले होते तेव्हा मी मागून चार वेळा तोंड उघडा म्हणालो आणि ते खिडकीबाहेर बघत बसले. तेव्हा कळलं. बोटीचंही त्यांनीच सांगितलं आणि शब्द घेतला.

काल ते बैठकीहून आल्यावर तुला काय म्हणाले ते मला ठाऊक आहे. ठीक झाली, म्हणाले असतील. म्हणून लिहितो.

नेहमीप्रमाणे आरडाओरडा चालला होता. आतोबा उठले आणि गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात म्हणाले की लाल बोट माझी आहे. सगळे एकदम त्यांच्यावर तुटून पडले. त्यांनी हात वर केला आणि सांगितलं, मला ऐकू येत नाही, शिव्या द्यायच्या असतील तर एकेकाने, समोर येऊन, सावकाश द्या.

आत्या, त्यानंतर जे झालं ते मंडळाच्या इतिहासात झालेलं नाही. माणसं खरोखर एकेक करून समोर आली. सावकाश बोलायला लागल्यावर शिव्या काही जमेनात. हॉटेलवाला तर आपलंच बोलणं ऐकून मध्येच थांबला. आतोबा प्रत्येकाला मान डोलावत होते. शेवटी म्हणाले, माझ्या वाट्याची शांतता मला फुकट मिळाली आणि नकोशी झाली, पण तुमची हिसकावून घ्यायचा मला हक्क नाही.

ठराव त्यांनीच सुचवला. काठाजवळ आणि लव्हाळ्यापाशी बोट माणसाच्या चालीने जाणार. सकाळी आणि संध्याकाळी इंजिन बंद. दुपारी तलावाच्या मध्यावर मोकळीक. काही जण अजून फुरंगटलेले आहेत, मला दोन्हीकडून टोमणे बसताहेत, तरी ठराव मंजूर झाला.

राखून ठेवलेले आशीर्वाद आता सोडशील अशी आशा करतो.

तुझा,
ढब्बू

१९ मे

चि. ढब्बूस,
अ. उ. आ., मागच्या थकबाकीसकट.

मला ते खरंच ठीक झाली एवढंच म्हणाले होते! या माणसाशी संसार करणं म्हणजे पोस्टाच्या तारा वाचण्यातला प्रकार आहे.

कानाचं यंत्र आणलं. सकाळी घालतात, दहा मिनिटांत काढतात. म्हणतात, भांडी फार आपटतेस. मी म्हटलं, ही भांडी मी लग्नापासून अशीच आपटते आहे. रोज वाद होतो. निदान आता तो दोघांना ऐकू येतो.

आणि एक सांगते, कोणाला सांगू नकोस. काल दुपारी मी त्या बोटीत बसले. देवाशपथ, पुन्हा बसणार नाही. मध्यावर गेल्यावर यांनी इंजिनला असा काही जोर दिला की मी डोळे गच्च मिटले आणि यांच्या दंडाला धरून ओरडत सुटले. आधी, हळू चालवा, म्हणून ओरडले. मग म्हटलं, यांच्या कानात यंत्र नाही, इंजिन गर्जतंय, कोण ऐकतंय? आणि इतक्या वर्षांत लाजेपोटी जे तोंडावर कधी म्हटलं नव्हतं तेही ओरडून म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. आता ऐकू आलं म्हणून डोलावली, की बैठकीत सवय लागली म्हणून, ते मी विचारलेलं नाही.

तुझ्या पेशंटांमधून एक दिवस काढून ये.

तुझी,
आत्या