चाल मी दिली नाही

बाबा, तुमच्यावर एक मुलगी पुस्तक लिहिते आहे. काटोलहून बसने येते, वही उघडून बसते आणि मला मॅडम म्हणते. रेडिओच्या सुरुवातीच्या काळातले कलावंत हा तिचा विषय. विणकराचा मुलगा मागावरून उठून माइकसमोर कसा गेला, स्वतः गाणी लिहून, स्वतः चाली लावून कसा गाजला, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तेव्हा सगळं थेट प्रसारित व्हायचं, टेप कुणी जपून ठेवत नसे, म्हणून तुमची बरीच गाणी गेली, याचं तिला वाईट वाटतं. मला वाटत नाही.

तिला घरातल्या आठवणी हव्या होत्या. कोणती सांगणार? पुढच्या खोलीत तुम्ही शिष्यांना शिकवायचात आणि मी आत कणीक मळायचे. एकदा मी आतून सूर लावला तर तुम्ही पेटी थांबवलीत. "कोण गाऊन राहिलं वं आत? घरात एक गाणारा पुरे झाला." शिष्य हसले. मी दुसरीकडे शिकायला जाते म्हटलं, तर त्यात तुमचा अपमान होता. मग लोटलेल्या दाराआडून जे ऐकू आलं तेवढंच शिकले.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी तुम्हाला न सांगता मी रेडिओच्या ऑडिशनचा अर्ज भरला. आईला माहीत होतं, तिने तिची चांगली साडी दिली. गाणारा स्टुडिओत, परीक्षक दुसऱ्या खोलीत. त्यांना नाव कळत नसे, फक्त क्रमांक आणि स्पीकरमधून आवाज. त्या दिवशी परीक्षकांत तुम्ही होता. पहिल्याच ओळीला ओळखाल, अशी माझी खात्री होती.

संध्याकाळी तुम्ही पाटावर बसला आहात. मी पोळ्या लाटते आहे, आई वाढते आहे.

"आज एक पोरगी आली होती ऑडिशनले. पुरी माझी नक्कल. हरकती बी माझ्याच. म्या लिहून देलं, हिले स्वतःचा आवाजच नाही."

आईच्या हातातली पळी तशीच राहते. "अहो, ते आपली पोरगी होती."

तुम्ही माझ्याकडे बघत नाही. भातात खळगा करता. "मंग तं बरंच झालं. नाहीतर लोकं म्हणले असते, बापानं पास केली."

"काहून असं बोलता?"

"वरण वाढ."

मी पुढे बत्तीस वर्षं मुलींना गणित शिकवलं. नापास करताना मी कधी कचरले नाही, त्यामुळे नापास केल्याचा राग मी धरत नाही. राग याचा आहे की दुसरा आवाज तुम्ही माझ्या कानावर पडू दिला नाहीत, आणि तुमचाच आवाज माझ्या गळ्यात सापडला तेव्हा मला दोषी ठरवलंत. वीस वर्षं एका घरात राहून ओळखलंही नाहीत. त्यानंतर मी गायले नाही आणि तुम्ही, मरेपर्यंत, का म्हणून विचारलं नाहीत.

काल त्या मुलीला मी तुमची गाण्यांची वही देऊन टाकली. मागासाठी गल्लीत सुताचा ताणा ताणणाऱ्या बायकांवरचं तुमचं गाणं त्यात आहे, पण नुसते शब्द. ते एकदाच प्रसारित झालं होतं. ऐकलेली माणसं आता कुणी उरली नाहीत.

"मॅडम, चाल तुमाले येत असन ना? दोन ओळी गुणगुणल्या तरी चालते." तिने फोन पुढे धरला.

आठवत नाही, म्हणाले. ती खट्टू होऊन बस पकडायला गेली.

दाराआडून ऐकलेली ती चाल मला संपूर्ण येते, तिन्ही अंतऱ्यांसकट. तुमचं गाणं बुडवायचं म्हणून खोटं बोलले, असं कालपासून स्वतःला सांगते आहे. ते तितकंसं खरं नाही. मी गायले असते तर ती कौतुकाने म्हणाली असती, अगदी तुमच्या बाबांसारखं. त्र्याहत्तराव्या वर्षी मला ते ऐकायची भीती वाटली.