दोन रिंग

अहो,

आज संध्याकाळी मी निखिलवर आवाज चढवला. तुमचा मोबाइल नंबर बंद करायचा म्हणून कागद न्यायला तो ठाण्याहून मुद्दाम आला होता. मी नाही म्हटलं. का नाही, ते नीट सांगता येईना, म्हणून चिडले. तो न जेवताच गेला. तेव्हापासून हातात घेतलेलं एकही काम पुरं होत नाही. पोळ्या अर्ध्या, घड्या अर्ध्या. मुलाला जे सांगता आलं नाही ते तुम्हाला लिहिते आहे. तुमच्यामुळेच तर झालंय सगळं!

नियम तुमचाच ना? या घरातून कुणीही निघालं की पोचल्यावर दोन रिंग द्यायच्या आणि फोन ठेवायचा. तुम्ही उचलायचा नाहीत. "पोचली," एवढंच म्हणायचात आणि पुन्हा पेपरात डोकं घालायचात. रिंग आली नाही की मात्र दारापासून गॅलरी आणि गॅलरीपासून दार. पुतणी डोंबिवलीहून ठाकुर्लीला गेली तरी तेच. "बसा जरा," मी म्हणायचे, "पुढच्याच स्टेशनला गेलीय, काशीला नाही."

तुम्ही कधी बसलात का हो? एमआयडीसीतली रात्रपाळी करून आलात, की त्याच पावली निखिलला शाळेत सोडायला निघालात. पुतणीची परीक्षा कल्याणला, तर पेपर संपेपर्यंत तुम्ही बाहेर झाडाखाली पाण्याची बाटली घेऊन हजर. "काका बाहेर आहेत म्हटलं की मलाच टेन्शन येतं," असं ती मला म्हणाली होती. तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही पुढच्या झाडाखाली बसला असतात, एवढंच!

आणि शनिवारी विठ्ठलवाडी. वन्संची भाजी, वन्संची औषधं, वन्संच्या खिडकीची कडी. तुमची थोरली बहीण एकटी राहते, मान्य. पण शनिवार म्हणून आपल्या वाट्याला कधी आलाच नाही. वन्संचं आणि माझं कसं होतं, ते तुम्ही जाणता. माझा चहा त्यांना पांचट लागायचा, त्यांचं बोलणं मला तिखट लागायचं.

त्यांची रिंग सकाळी यायची. चहा झाला की दोन रिंग. म्हणजे उठले, ठीक आहे. ती आल्याशिवाय तुम्ही अंघोळीला जायचा नाहीत.

होळीच्या आधी तुम्ही गेलात. तेरावं झालं, माणसं आपापल्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा फोन वाजला. बँकेचे मेसेज यायचे म्हणून मी तो चार्ज करून शोकेसवर ठेवला होता. धावत गेले तोवर दोन रिंग होऊन बंद. नाव, ताई.

मला वाटलं, म्हातारं माणूस, हाताला सवय. पण दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्याही. मी कुणाला बोलले नाही. वन्संनाही नाही. हळूहळू असं झालं की ती रिंग आल्याशिवाय मी गॅसवर चहा ठेवेना.

गेल्या मंगळवारी रिंग आली नाही.

आधी पेपर वाचला. मग भाजी निवडायला घेतली. मग बघते तर मी गॅलरीत! तिथून दारात, दारातून परत गॅलरीत. तुमच्यावर इतकी हसायचे, आणि माझे पाय तुमच्याच वाटेनं चाललेले. वन्संना फोन लावला, तर बंद. निखिलला विचारलं असतं तर म्हणाला असता, आई, थोडं थांब. मला थांबायचं नव्हतं. भाजी तशीच टाकली, चपला घातल्या आणि रिक्षा केली. कल्याण येईपर्यंत नको ते सगळं मनात येऊन गेलं. रिक्षावाला सारखा आरशात बघत होता.

वन्संचं दार उघडं. त्या खाली बसून तांदूळ निवडत होत्या.

"तू गं कशी काय?"

मी बरसलेच. फोन का बंद, रिंग का दिली नाही, इथे माझ्या जिवाचं काय झालं असेल? त्यांनी सूप बाजूला ठेवलं. निखिलनं सांगितलं होतं म्हणे, आत्या, बाबांचा नंबर बंद होणार, आता त्यावर लावू नकोस.

"मग चार्ज तरी कशाला करू?" त्या म्हणाल्या. "तिकडं ऐकणारं आहे कोण?"

"मी ऐकते," मी म्हटलं. "रोज ऐकते."

"तू? तू तर पोरखेळ म्हणायचीस." मग उठल्या. मी चहा करू लागले तर पातेलं हातातून काढून घेतलं. "राहू दे. तुझा चहा प्यायचा म्हणजे पाणीच की." त्यांनीच केला. फोनही चार्जिंगला लावला.

निघताना दारापर्यंत आल्या. "पोचलीस की..." म्हणाल्या आणि थांबल्या. मी घरी आले, चप्पल पायातच होती, आणि त्यांना दोन रिंग दिल्या. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी उचलला नाही.

निखिल म्हणतो, आत्याच्या फोनमध्ये तुझा नंबर घालून देतो, काम तेच होईल. होईलही. पण वन्संना रिंग आपल्या भावाच्या घरी द्यायची आहे, आणि ती ऐकायला मी घरात आहे. यात न समजण्यासारखं काय आहे? हेच मला त्याला सांगता आलं नाही. उद्या फोन करून नीट सांगेन. न ओरडता.

एक राग मात्र आहे. सगळ्यांना नियम लावलेत, आणि स्वतः निघालात तेव्हा पोचल्याचं काही कळवलं नाहीत. मी किती फेऱ्या मारायच्या?

असो. नंबर चालू राहील. शनिवारी मी विठ्ठलवाडीला जाईन. खिडकीची कडी मला जमणार नाही, भाजी नेईन. आणि ज्या सकाळी रिंग येणार नाही, त्या सकाळी मी पेपर वाचत बसणार नाही. सरळ चपला घालेन.

तुमचीच,
सुलभा