कारणाचा रकाना

लोहा,
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय गंगे,

पत्र बघून तुला हसू येईल. हातात फोन असताना पोस्टानं पत्र, तेही इतकी पानं! पण सध्या मी टाइप केलेलं माझं म्हणून कुणी धरत नाही, म्हणून पेन घेऊन बसले. माझं अक्षर तू लांबूनही ओळखायचीस. अजून ओळखशील, असं धरून चालते.

इकडं ठीक. लकव्यानंतर बाबांचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता, आता स्वतःच्या हातानं टोपी घालतात आणि दिवसातून दहा वेळा घालून दाखवतात. आईचे गुडघे थंडीनं धरलेत. तरी माळेगावच्या जत्रेला गेलीच. दर वर्षीसारख्या चार घोंगड्या उलटून पालटून बघितल्या आणि एकही न घेता परत आली. हरभरा बरा आहे.

अव्वांचा दमा कसा आहे? येळवशीला, वेळा अमावस्येला, उदगीरला मामांच्या शेतात गेला होतात ना? भज्जी कुणी केली? बारावीपासून गेल्या वर्षापर्यंत एकही येळवस अशी गेली नाही की तुझा फोन आला नाही. पुण्यात होते तेव्हासुद्धा तू शेतातून फोन लावून म्हणायचीस, "तुझ्या वाटणीची आंबील मी पिले बरं का." यंदा मी इथंच करून बघितली, ती ताकासारखी झाली. आई म्हणाली, "गंगीचा फोन न्हाई आला का गं?" मी म्हणाले, कामात असेल. खोटं बोलायला मलाही जमतं.

आता विषयावर येते. इतका वेळ टाळलं, पण पत्र काही हरभऱ्यासाठी लिहीत नाहीये.

कोडपारावर, आपल्या त्या मराठीतून कोडिंग शिकवणाऱ्या ऑनलाइन कट्ट्यावर, काय झालं ते तुला मी सांगावं असं नाही. तू तिथल्या पाच पंचांपैकी एक. पण माझ्या बाजूनं ते कसं दिसलं, हे तुला कुणी सांगितलं नसेल.

डिसेंबरची चार तारीख. सकाळी बाबांची मालिश उरकली, चहा घेतला आणि रोजच्यासारखा पार उघडला. आदल्या दिवशी हदगावच्या साहेबराव काकांनी प्रश्न टाकला होता. तुला ते माहीत आहेत, निवृत्त मास्तर, साठी उलटल्यावर कोडिंग शिकून राहिलेत. शेतातल्या मोटारीला वीज कोणत्या वारी किती वाजता येणार, ते सांगणारा प्रोग्रॅम त्यांना लिहायचाय. त्यांनी लिहिलं होतं, "ताई, माझी मोटार सुरू होते पण बंदच होईना." मला लगेच कळलं, लूपमध्ये मोजणी पुढं सरकत नाहीये. पण सरळ उत्तर द्यायचं नाही, माणसाला त्याच्या चुकीपर्यंत चालत न्यायचं, ही माझी पद्धत. काय विचारायचं ते मनात जुळवून मी खाली लिहायला गेले, तर लिहायची जागाच नाही. माझ्या नावावर लाल पट्टी. "यंत्राकडून लिहून घेतलेली उत्तरं स्वतःची म्हणून दिल्याबद्दल खातं बंद."

सहा वर्षांतली सहाशे अकरा उत्तरं. सगळी झाकलेली.

मला आधी हसूच आलं, खरंच. वाटलं, काहीतरी घोटाळा झालाय, गंगा आहे ना तिथं, ती बघेल. तुला तीन फोन केले. मग मेसेज. दोन निळ्या खुणा दिसल्या आणि पुढं काहीच नाही. तरीही तुझ्यावर शंका आली नाही, एवढी मी येडी.

फोन आला तो साहेबराव काकांचा. "ताई, तुमची उत्तरं दिसून नाही राहिली. माझ्याच फोनला काही झालं का?" त्यांना काय सांगू? मीच म्हणाले, पारावर दुरुस्ती चालू आहे.

दुसरं एक तुला ठाऊक नाही. नांदेडच्या एका कंपनीत माझं काम जवळजवळ ठरलं होतं. घरूनच करायचं, आठवड्यातून एक दिवस नांदेडला जायचं. बाबांना सोडून मला पुण्याला परत जाता येत नाही, आणि तीन वर्षांच्या खंडानंतर दुसरीकडं कुणी विचारतही नाही. हे लोक म्हणाले, खंडाचं काही नाही, पारावरचं तुमचं काम आम्ही वाचलंय, तेच पुरेसं आहे. ते वाचूनच त्यांनी बोलावलं होतं. पुढच्या आठवड्यात त्यांना ती लाल पट्टी दिसली. ताबडतोब नाही म्हणाले नाहीत, सभ्य माणसं आहेत. जानेवारीअखेरपर्यंत थांबतो म्हणाले. तोवर पट्टी गेली तर काम माझं. नाही तर चुलतभावाच्या सेवा केंद्रात पीक विम्याचे फॉर्म भरतेच आहे, तेच पुढं भरत राहीन.

म्हणून मी पंचांकडं अपील केलं. अपील करणाऱ्याला त्याच्याविषयी झालेली सगळी चर्चा वाचायला मिळते. हा नियम तुला माहीत नसावा. माहीत असता तर तू जरा जपून लिहिलं असतंस.

पंचांमध्ये अपिलाचं बघणाऱ्या मन्मथ सरांनी चर्चा पाठवली. माझ्याविरुद्धचा पुरावा काय, तर माझी सगळी उत्तरं एकाच साच्याची. आधी चूक काय ते, मग ती का झाली ते, मग दुरुस्तीकडं नेणारा एखादा प्रश्न. तीन भाग, ठरलेले. "माणूस सहा वर्षं इतकं सारखं लिहीत नाही, जुनी उत्तरंही मागाहून यंत्राकडून बदलून घेतलेली दिसतात," असं एकानं लिहिलंय.

गंगे, लिहितो. तुझ्या डोळ्यांदेखत लिहीत होतो आपण.

चंद्रप्पा सरांची चुकांची वही विसरलीस? लातूरची ती ट्यूशनच्या गल्लीतली आपली खोली, एक खिडकी, एक टेबल, मेसचा तो पिवळा वरण-भात. रविवारी पेपर, सोमवारी मार्क आणि मंगळवारी वही तपासणी. पानावर तीन रकाने आखायचे: चूक, कारण, दुरुस्ती. सर मार्क विचारायचेच नाहीत. "वही दाखव. कारणाचा रकाना कोरा का? कोरा ठेवला की तीच चूक पुन्हा करणार तू." मग आपण दोघींनी मिळून एकच वही केली. नियम तूच काढलास. चूक जिची तिनं लिहायची. कारण मात्र दुसरीनं लिहायचं, कारण आपलं आपल्याला दिसत नाही. दुरुस्ती परत जिची तिनं. माझ्या एका चुकीपुढं तू कारण लिहिलं होतंस, "घाई, आणि आपल्यालाच येतं हा माज." दोन दिवस मी बोलले नव्हते तुझ्याशी. पण खरं होतं.

पुढं नांदेडला इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा प्रोग्रॅम चुकला की आपण हेच करायचो. पारावर मी सहा वर्षं केलं तेही हेच. यंत्रानं मला शिकवलेलं नाही. तीन रकाने मला तू आणि सरांनी शिकवलेत, आणि हे सांगू शकणारं अख्ख्या पारावर एकच माणूस होतं.

मन्मथ सरांनी चर्चेत सरळ विचारलंय, "या सदस्य लोह्याच्या आहेत असं दिसतं. पंचांपैकी कुणी यांना प्रत्यक्ष ओळखतं का? लिहिण्याची पद्धत त्यांचीच आहे का, ते सांगता येईल."

खाली तुझं नाव. "मी ओळखत नाही."

ते वाचलं तेव्हा मी सेवा केंद्रात बसले होते. समोर एक बाई सातबारा घेऊन उभी होती. "मॅडम, झालं का?" म्हणून दोनदा विचारलं तिनं. मला स्क्रीनवरचं अक्षरही दिसेना. मग मतदान वाचलं. तीन विरुद्ध दोन. तिसरं मत तुझं.

तू गप्प बसली असतीस तर मी समजून घेतलं असतं. मत नसतं दिलंस, घरचं निमित्त सांगितलं असतंस, तरी राग गिळला असता. पण तीन शब्द टाइप केलेस, गंगे. टायफॉइड झाला तेव्हा तुझ्या आईनं, अव्वांनी, मला उदगीरला नेऊन तीन आठवडे पोटच्या पोरीसारखं जपलं होतं. आणि तू मला ओळखत नाहीस!

आता मीही जे टाळून राहिले ते लिहिते. नाही तर हे पत्र खोटं होईल.

ऑक्टोबरात साहेबराव काकांनी तारखांविषयी विचारलं होतं, तेव्हा तू उत्तर दिलंस. त्यात असं एक फंक्शन वापरलं होतं की जे कुठं अस्तित्वातच नाही. काका दोन दिवस त्यावर डोकं फोडत बसले आणि स्वतःलाच मठ्ठ म्हणून घ्यायला लागले. मी ते उत्तर वाचलं आणि पहिल्या ओळीतच समजले, की हे तुझं नाही. सुरुवात होती, "उत्तम प्रश्न!" तू जन्मात कुणाला उत्तम प्रश्न म्हणाली नाहीस. तुला कुणी काही विचारलं की तू आधी म्हणायचीस, "डोकं हाय का जाग्यावर?" मग मी तुझी आधीची उत्तरं चाळली. उन्हाळ्यापासूनची सगळी तशीच. क्लास, सासर, अव्वांचा दवाखाना, तुला वेळ कुठून मिळणार, हेही कळलं. लातूरला तुझ्या क्लासच्या पाटीवर पारावरचं तुझं पंचपद लिहिलेलं आहे, ते मी बघितलंय. उत्तरं थांबली असती तर पद गेलं असतं.

तेव्हा मी तुला फोन करायला हवा होता. केला नाही. सगळ्यांसमोर तुझ्या उत्तराखाली लिहिलं, "असं फंक्शनच नाही. उत्तर देणाऱ्यानं एकदा चालवून बघायला हवं होतं." एकशे चाळीस जणांनी त्याला बरोबरची खूण केली. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. मी इथं लोह्यात फॉर्म भरत बसले होते आणि तुझ्या नावाची पाटी लागली होती, म्हणून बरं वाटलं.

त्यानंतर तू धास्तावली असशील. पुनमला माहीत आहे, पुनम बोलेल. मला ओळखते म्हणालीस तर लोक तुझीही उत्तरं उघडून बघतील. हे सगळं मी तुझ्या बाजूनं लावून बघितलं, गंगे, वकील लावावा तसं. तरी ते तीन शब्द त्यात बसत नाहीत. मी अपिलात तुझ्याविषयी एक अक्षर लिहिलेलं नाही. तुला मी एवढीही कळले नाही?

अपिलाचा निकाल पंचवीस तारखेला आहे. मन्मथ सर म्हणाले, "तुमची पद्धत जुनी असल्याचा काही लेखी पुरावा असेल तर द्या, मी मांडतो." आहे ना पुरावा. आपली वही माझ्याकडंच होती, आईच्या पेटीत, लग्नाच्या शालूखाली. २००९ सालची. तीन रकाने, प्रत्येक पानावर माझं अक्षर आणि तुझं अक्षर शेजारी शेजारी, आणि पुठ्ठ्यावर तू काढलेली आपल्या दोघींची नावं. चार पानांचे फोटो पाठवले की माझी पट्टी उतरते. आणि तू मला ओळखत नाहीस हे किती खरं, तेही सगळ्यांना दिसतं.

दोन दिवस फोन हातात घेऊन वही उघडत होते आणि मिटत होते. आई म्हणाली, "फोटो काढायचा तर काढ, न्हाईतर ठेव. पानं कशाला मळवून राहिली?"

फोटो काढला नाही. या पाकिटात वहीच आहे. दुसरी प्रत नाही, उद्या पोस्टात टाकली की माझ्याजवळ काही उरणार नाही. याला मोठेपणा समजू नकोस. मला तुझा भयंकर राग आलेला आहे, हे लिहितानाही आहे. पण वहीनं मला सोडवलं तर उरलेला जन्म मला एवढंच माहीत राहील, की तू सोडवलं नाहीस. तू सोडवतेस का, ते मला बघायचंय. काम गेलं तर जाऊ दे.

शेवटच्या पानावर मी दोन नव्या ओळी आखल्यात. पहिली माझी. चूक लिहिली आहे: "फोन करायच्या ऐवजी चारचौघांत लिहिलं." कारणाचा रकाना नियमाप्रमाणे तुझ्यासाठी सोडलाय. काय वाटेल ते लिही, या वेळी अबोला धरणार नाही.

दुसरी ओळ तुझी. तिथं कारण मी लिहून टाकलंय: "भीती." त्याच्या अलीकडचा रकाना कोरा आहे. तो मला भरता येत नाही. चूक जिची तिनं लिहायची, नियम तुझाच आहे.

अव्वांना नमस्कार सांग. मी कोण म्हणून सांगायचं, ते तू ठरव.

पंचवीस तारखेपर्यंत तुझीच,
पुनम