अर्धी मूद भात

व्हाइटफील्ड, बंगळूर

ती. सुचेताताईस,
नंदूचा मनापासून नमस्कार.

फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितो. आज रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी साखर ८.४ वरून ६.२ वर आली! लिफ्टमध्ये मी एका अनोळखी माणसालाही कागद दाखवला. मी, ताई!

आईच्या सहाव्या महिन्याच्या श्राद्धाला मी पानातला भात आणि खीर तशीच टाकून उठलो. तुझा उतरलेला चेहरा मी पाहिला होता. आईचा पाय साखरेनेच गेला, पाठोपाठ आई गेली. माझीही साखर निघाल्यावर मी घाबरून कडक कीटो डाएट धरलं होतं. भात, पोळी, फळं, सगळं बंद. ऑफिसात दोनदा चक्कर आली, तेही तुला सांगितलं नाही.

इथल्या डॉक्टरीणबाई रागावल्याच. "सर, ही काय शिक्षा आहे? स्वल्प स्वल्प खा, पण रोज झेपेल असं खा." आता दुपारी एक भाकरी, भरपूर भाजी, उसळ, अंडी. एखादा डोसा झालाच, तर पुढच्या जेवणात सांभाळतो. गोळीही त्यांनी अर्धी केली.

तुझे गुडघे कसे आहेत? भावजी फिरायला जातात ना? आणि तूही साखर तपासून घे. आईची मुलगी तूही आहेस.

वर्षश्राद्धाला दोन दिवस आधीच येतो. मला अर्धी मूद भात आणि दोन चमचे खीर वाढ. या वेळी तुझ्यासमोर बसून सगळं संपवीन.

तुझा,
नंदू