बाबांच्या कानशिलातला आवाज

४ फेब्रुवारी
आज बाबांचं डोकं ऐकलं! कानशिलावरचं हाड पातळ असतं. तिथे मशीनचा पेनासारखा प्रोब टेकवला की मेंदूकडे जाणारं रक्त ऐकू येतं — सूं, सूं, सूं. रोज परक्यांचं ऐकते, नोकरीच ती. आज प्रोब दोनदा उचलून पुन्हा टेकवला.

चाचणी साधी. श्वास रोखायचा. निरोगी रक्तवाहिन्या तेवढ्यात रुंदावतात, रक्त वाढतं, पडद्यावरची रेघ चढते. बाबांनी जन्मभर पोरांना पोहायला शिकवलं. माझं नाव विसरलेत, पण "श्वास रोखा" म्हटल्यावर छाती भरून असे बसले की मीच घाबरले. रेघ मात्र ढिम्म.

५ फेब्रुवारी
झोप नाही.

९ फेब्रुवारी
आमच्या विभागाच्या डॉक्टर मॅडमनी आई-बाबांना समोर बसवून नवा अभ्यास समजावला. बाबांच्या या विस्मरणाच्या आजारात मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्याही आखडतात. जिथे काम चालू, तिथे रक्त वेळेवर पोचत नाही. आणि मेंदू स्वतःच एक पदार्थ बनवतो — गांजातल्या द्रव्याचा चुलतभाऊ म्हणावा असा. साठवत नाही. लागेल तेव्हा, लागेल तिथे, लागेल तेवढाच. काम झालं की मोडून टाकतो. रक्तवाहिन्या सैल करण्यात त्याचाही हात असतो म्हणे. मी आ वासून ऐकत होते. इतकी वर्षं या मशीनवर बसतेय, आणि आत हा एवढा संसार चालू आहे!

बाबांना औषधाचे थेंब द्यायचे — त्या थेंबांनी त्या पदार्थाचं मोडणं लांबतं. कुणाच्या बाटलीत औषध, कुणाच्या नुसतं तेल, हे मॅडमनाही माहीत नाही. आईने मान डोलावली. घरी येताना एवढंच म्हणाली, "गांजा म्हणाल्या ना त्या?"
"गांजा नाही गं, मेंदूचंच—"
"कळलं."

२ मार्च
आईला विचारलं, थेंब नीट चाललेत ना? "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" विषय संपला.

११ एप्रिल
रेघ चढली! माझ्या हातावर माझाच विश्वास बसेना, म्हणून शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला प्रोब दिला. तिच्याही हाताखाली चढली. डोंगर नाही, टेकाडच, पण आहे. रक्ताच्या आवाजातही जोर आलाय. बाबांबरोबर मीही नकळत श्वास धरून बसले होते. ते बघून म्हणाले, "दम चांगला आहे तुमचा, मॅडम." मी सगळ्यांसमोर रडले.

कुणी हुकूम देत नाही, कुणी बघत नाही, आणि कवटीच्या अंधारात वाटा उघडतात. मी देवभोळी नाही. तरी आज मशीन बंद करताना हात जोडले गेले.

२० मे
रेघ टिकून आहे. मॅडम खूष. थेंब वर्षभर चालू ठेवा म्हणाल्या. मी तर म्हणते, जन्मभर चालू देत.

१४ जून
आईने सगळ्या बाटल्या माझ्यापुढे मांडल्या. एकीचंही सील फुटलेलं नाही.

"नशेचं औषध मी त्यांना देणार नव्हते, आणि तुझ्याशी वाद घालायचा नव्हता. रोज तलावावर नेत होते. नावं विसरलेत, हातपाय मारायला नाही विसरलेले. त्यांनी शिकवलेली पोरंच लक्ष ठेवतात तिथे."

उद्या मॅडमना सांगावं लागेल. बाबांचं नाव अभ्यासातून जाईल. पोहण्यामुळेच झालं, असंही एका माणसावरून म्हणता येत नाही. पण रेघ चढली ती चढलीच. औषधाचा एक थेंबही पोटात न जाता.

आई विचारतेय, रागावलीस का. मी कपाटात माझा पोहण्याचा पोशाख शोधतेय.