पडद्यावरची तू

प्रिय चिमणे,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर केला, कारण आधी तुम्हा दोघांवरचा तो सिनेमा बघायचा होता. परवा दुपारी शिवणाचं दुकान बंद केलं आणि एकटीच गेले. तुमची नावं बदलली आहेत, पण तू नर्स आणि तुझा नवरा अँब्युलन्सचा ड्रायव्हर, एवढं तसंच ठेवलंय. किती सुंदर दाखवलंय तुला! तोही देखणा. खरं तर त्याचं पोट सुटलेलं आणि तुला केस विंचरायचा कंटाळा. पाच खून आणि चार गाणी. दोन खून तर एका गाण्यातच उरकलेत. सगळं म्हणे प्रेमापोटी. खून झालेल्या त्या म्हाताऱ्या माणसांच्या अंगावरचं सोनं कुठे गेलं, याबद्दल अवाक्षर नाही. शेजारच्या खुर्चीवरची मुलगी मुसमुसत मैत्रिणीला म्हणाली, "किती जीव आहे गं तिचा त्याच्यावर!" आणि ती पाच माणसं नुसती भिंतीकडे तोंड करून पडलेली. एकालाही धड चेहरा दिलेला नाही.

मला त्यातल्या चौथीचा चेहरा पाठ आहे. गणिताच्या बाई. माझ्याकडे गाऊनच्या बाह्या सैल करायला यायच्या आणि मी टाके घालीपर्यंत मला एकोणतीसचा पाढा विचारायच्या. एकदाही जमला नाही मला. पडून त्यांचं मांडीचं हाड मोडलं, तेव्हा दिवसभराची नर्स हवी होती. "माझी बहीण आहे ना, कामाला चोख आहे," असं मीच म्हटलं. हो, मीच. त्याआधीचे तुझे तिघे पेशंट आपल्या मरणाने गेले, असंच मी तेव्हा समजत होते.

सिनेमात बाईंना इंजेक्शन तो देतो. तू दारात रडत उभी, तो डोळे वटारतो. अख्खं थिएटर हळहळलं, मी नाही. कारण त्या दुपारी तो माझ्या दुकानात स्टुलावर बसून पँट आखूड करून घेत होता. "सावकाश होऊ द्या ताई, घाई नाही," म्हणाला. तो तिथूनच अँब्युलन्स घेऊन परगावी गेल्यावर मी बाईंचा गाऊन द्यायला आले. तू दार अर्धवटच उघडलंस. आतून बाईंनी हाक मारली, "कोण आलंय? आत पाठव ना!" तू वळूनही पाहिलं नाहीस. "त्यांना भ्रम झालाय," म्हणालीस, गाऊन घेतलास आणि दार लावलंस. संध्याकाळी बाई गेल्याचं कळलं. कोर्टात मी शपथेवर सांगितलं, की त्या दिवशी मी तिकडे गेलेच नव्हते आणि त्यालाही पाहिलं नव्हतं. तो काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. औषधं तोच आणायचा. पण बाईंचं मरणही एकट्या त्याच्याच माथी बसलं. तो फासावर गेला, तू जन्मठेपेवर वाचलीस.

काल तुझे वकील आले होते. सिनेमामुळे लोकांना तुझी दया येतेय, सुटकेचा अर्ज करायला हीच वेळ आहे, म्हणाले. तू सगळं त्याच्या धाकाने केलंस, एवढंच मी लिहून द्यायचं. कागद टाइप करूनच आणला होता. मी सही केली नाही. उद्या कोर्टात जाऊन त्या दुपारचं खरं ते लिहून देणार आहे. खोट्या साक्षीसाठी मलाही आत टाकतील, तर टाकोत. चिमणे, तू सुटून आलीस तर मी तुला घरात घेईन, गरम जेवायला वाढीन. पण मी आजारी पडले, तर तुझ्या हातून पाण्याचा घोटही घेऊ शकणार नाही. हे तुला वकिलाच्या तोंडून कळू नये, माझ्याकडूनच कळावं, म्हणून लिहिलं.

तरीही तुझीच,
ताई