लाल गाडीतली काळी लोकर

२ नोव्हेंबर

आले एकदाची सोलापुरात. मोटार मेकॅनिक शिकवणारी बाई म्हटल्यावर निम्म्या घरमालकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. जुळे सोलापुरातल्या विरेश यांनी मात्र आधी चहा पाजला आणि मग थेट मागच्या शेडमध्ये नेलं. ताडपत्री ओढली तर आत लाल, टप नसलेली, दोनच सीटची परदेशी गाडी! त्यांच्या वडिलांची हौस, माझ्याहून वयानं मोठी. म्हणाले, मॅडम, हिला पुन्हा चालती करा, सुटीच्या दिवशी खुशाल फिरवा. मी तिथंच होकार देऊन टाकला. शेडची एकुलती किल्लीही त्यांनी माझ्या हातात ठेवली. खालची खोली माझी, वरच्या मजल्यावर ते आणि त्यांची बायको चंद्रिका राहतात. तिनं कडक भाकरी, शेंगाचटणी आणून दिली आणि दुसऱ्या घासाला आम्ही अगं-तुगंवर आलो.

९ नोव्हेंबर

इंजिन उतरवलं. काढलेला प्रत्येक नट वेगळ्या डब्यात, डब्यावर चिठ्ठी. मुलांना वर्गात हेच ओरडून सांगते, कार्टी ऐकत नाहीत. उजवं मडगार्ड पार आत गेलंय, बॉनेटलाही मोठा पोचा. विरेशना विचारलं तर म्हणाले, सांगोला रोडला एक मेंढरू मधे आलं होतं. खाली शिरून पाहिलं तर अ‍ॅक्सलला काळी लोकर घट्ट गुंडाळलेली. सुरीनं खरवडली, रॉकेलनं धुऊन काढली. बिचारं मेंढरू.

२३ नोव्हेंबर

मडगार्ड ठोकून सरळ केलं, पुट्टी भरली, घासलं, लाल रंग मारला. आता डोळे मिटून हात फिरवला तरी कुठं लागलं होतं ते कळणार नाही. स्वतःवरच खूश आहे. राग एवढाच की अ‍ॅक्सलवर पुन्हा लोकर. मला वाटलं, माझ्यामागं गाडी कुणी बाहेर काढली. विरेशवर चिडले तर ते हसायला लागले. इंजिन स्टँडवर, गाडी ठोकळ्यांवर, किल्ली माझ्या कमरेला. मग माझंच मला हसू आलं, पण फार नाही.

६ डिसेंबर

आज गिअरबॉक्स खोलला. आतलं ऑइल डांबरासारखं झालेलं, म्हणजे वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही. त्या ऑइलमध्ये लोकर.

ती धुऊन उजेडात धरली. पीळ दिलेला होता. ही लोकर मेंढराच्या अंगावरची नव्हे, कातलेलं सूत आहे. नातेपुत्याला माझं सगळं लहानपण घोंगडीवर गेलंय, हे सूत मला कुणी शिकवायला नको. मेंढरू घोंगडी पांघरून रस्त्यावर येत नाही. माणूस येतो.

तडक वर गेले. तोंडावर विचारलं, गाडीखाली कोण आलं होतं? विरेश हसले. म्हणाले, मॅडम, तुमच्या हातात जादू आहे, आता कुणाच्या बापाला कळणार नाही.

म्हणजे मला गाडी दिली ती याच्यासाठी. हौस कसली डोंबलाची! अंगाचा नुसता तिळपापड झालाय. चंद्रिका माहेरी गेली आहे, तिला यातलं काही ठाऊक असेल असं वाटत नाही.

१९ डिसेंबर

दुपारी फाटकाशी एक बाई येऊन बसली. म्हाळसाबाई, सांगोल्याकडची. गेल्या वर्षी तिचा नवरा मायाप्पा मेंढरं घेऊन निघाला तो रस्त्याकडेला मेलेला सापडला. टपरीवाल्यानं टप नसलेली लाल गाडी पाहिली होती, तेवढ्यावर ही सोलापुरातली गॅरेजं पालथी घालतेय. मी ज्याच्याकडं गाडीसाठी जुने दिवे शोधत होते त्या दुकानदारानं तिला माझा पत्ता दिला. ती एकच म्हणत राहिली, गाडी कुटं हाय तेवडं दावा की बाई, मला दुसरं काय बी नगं. चंद्रिकानं तिला पाणी दिलं. विरेशनं वरून शिव्या घालून तिला हाकललं. त्याला अहोजाहो करायची माझी इच्छा मेली.

सूत घेऊन चौकीत गेले. त्यांनी विचारलं, गाडीवर काही खूण आहे का?

खूण मीच ठोकून काढली. मीच धुतली, वर रंगही मीच मारला. माझे हात तोडून टाकावेसे वाटतात.

२ जानेवारी

काम बंद केलंय, पण करण्यासारखं उरलंय काय? गाडी जोडून झालीय, चालू होते. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत मिरवणार म्हणतो तो मेला.

ब्रेक तपासायला खाली शिरले. ब्रेक ऑइलच्या पुढच्या नळीचा नट सैल, ऑइल गळालं की ब्रेक गेलेच, आणि सांध्याला काळ्या सुताची गाठ. कापली. नट आवळला. शेडमध्ये मेंढरांचा वास आहे, रॉकेलवरही मात करणारा.

९ जानेवारी

पुन्हा सैल. पुन्हा गाठ. किल्ली माझ्या कमरेला असताना.

मोठ्यानं बोलले त्याच्याशी. मायाप्पा, मी नव्हते रे गाडीत. माझ्यावर का चिडतोस, मला काय ठाऊक होतं? घरी येऊन हात धुतले तर नखांखालून सूत निघालं. ओढत गेले. ओढत गेले —

१२ जानेवारी

विरेशनं किल्ली मागून घेतली. त्याआधी एकदा पाहून आले. नट सैल. गाठ.

पाना हातात होता. आवळला नाही. त्याला सांगणारही नाही. जाऊ दे. त्याला काही वाटलं होतं का, तो माणूस मरत असताना —

संक्रांतीला चंद्रिका घरीच, तिचं हळदीकुंकू आहे. एकटाच जाणार तो.

१४ जानेवारी, सकाळ

खिडकीत बसले आहे. गाडी बाहेर काढली. नारळ फोडला. चाकांखाली लिंबं. आमच्या गल्लीचा उतार थेट विजापूर रोडला, तिथं उसाचे ट्रॅक्टर, ट्रक. मला ठाऊक आहे. इतकं शांत मला महिन्यात वाटलं नव्हतं.

पांढरा शर्ट घातलाय. मला हात केला. मीही केला.

चंद्रिका खाली आली. इरकल नेसून. त्याला ओवाळेल आणि वर जाईल —

बॉनेटला कुंकू लावलं. पोचा होता तिथंच.

वर जात नाही. हळदीकुंकू संध्याकाळी आहे म्हणतेय, तोवर येतो फिरून —

दार उघडलं तिनं. बसली.

तिच्या मागं कुणीतरी बसलंय. डोक्यावरून घोंगडी. मागं सीटच नाही त्या गाडीला —

तो विरेशकडं बघत नाही. माझ्याकडं बघतोय. मी आवळला नाही म्हणून —

लिंबं चिरडली. चंद्रिका, उतर, ब्रेक ला